टॅलीत आहे, रॅकवर नाही

भोसरी एमआयडीसीतलं छोटं टर्निंग युनिट, म्हणजे लेथवर सुटे भाग बनवणारा कारखाना. मालकांना ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं होतं, म्हणून त्याआधी डिजिटल तयारीची तपासणी माझ्याकडे. आमचा फॉर्म वेबसाइट, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), यूपीआय, सीसीटीव्ही असं सगळं विचारतो. त्यात हे युनिट सहज पास झालं असतं. ज्याने फॉर्म बनवला त्याने कधी स्टोअरमध्ये पाय ठेवला नसावा.

मी एकच आयटम उचलून खरेदीपासून भंगारापर्यंत माग काढतो. इथे ४० मिमी व्यासाचा, ईएन८ पोलादाचा राउंड बार घेतला. टॅलीत रॅकपेक्षा तीनशेहून जास्त किलो शिल्लक. मालकांच्या मते ही सरळ चोरी, आणि संशय स्टोअरच्या मामांवर. ईआरपी हवं होतं ते त्यासाठीच.

बार येतो किलोवर, जातो नगावर. वजनाचं सूत्र मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ९.८८ किलो. बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला किती माल लागतो त्या यादीत, नगाची लांबी ८५ मिमी टाकलेली, म्हणजे ड्रॉइंगवरची फिनिश साइज. पण दोन्ही बाजूंच्या फेसिंगला (टोकं सपाट करायला) मिळून ३ मिमी लागतात, बँडसॉचं ब्लेड साधारण २ मिमी खातं. खरा खर्च नगाला ९० मिमी. सहा मीटरच्या बारात ६६ नग निघतात आणि ६० मिमीचा तुकडा उरतो. टॅलीच्या मते मात्र ३९० मिमी उरायला हवं. दर बारामागे सव्वातीन किलोंचा फरक. त्या तिमाहीत शंभरेक बार कापले होते. गुणाकार करून बघा. हे लोखंड चिप्समध्ये, म्हणजे कापताना निघणाऱ्या चुऱ्यात, जातं आणि भंगारवाल्याच्या काटापावतीवर दिसतंही, पण ती पावती बारच्या खात्याशी कुणी जोडलेलीच नव्हती. ३१ मार्चला एक अॅडजस्टमेंट एंट्री मारली की प्रश्न पुढच्या वर्षावर.

एंडपीसचा, म्हणजे बाराच्या टोकाला उरलेल्या तुकड्यांचा, हिशेब फक्त मामांच्या वहीत. कुठला तुकडा कुठल्या बुशला (छोट्या नळीसारख्या भागाला) लावला, तारीखवार. अख्ख्या युनिटमधली ही एकमेव खरी नोंद, आणि फॉर्ममध्ये तिला रकाना नाही.

मी सुचवलं, ईआरपी थांबवा. आधी बीओएममध्ये कट लेंथ, म्हणजे खरी ९० मिमी, टाका, ५० मिमीवरच्या एंडपीसला वेगळा कोड द्या, त्याखालचं वजन करून थेट स्क्रॅप खात्यात. मालक म्हणाले, "व्हेंडर सांगतो, सॉफ्टवेअर हे आपोआप करतं." कसलं आपोआप! ८५ भरलं तर ते ८५च धरणार.

मामांना यातलं कुणी काही बोललं का, माहीत नाही. अहवालात गुण किती द्यायचे तेही अजून ठरत नाहीये.