तुम्ही विचारलंत म्हणून: बदललेल्या खांद्यातला जंतू गोळ्यांनी जात नाही का?

"खांदा बदलून वर्ष झालं. टाके केव्हाच सुकले, ताप नाही, सूज नाही, सीआरपी (रक्तातली सूज-इन्फेक्शनची तपासणी) नॉर्मल. तरी खांदा ठणकतो, आणि डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन असू शकतं, परत उघडावं लागेल. त्याआधी पंधरा दिवस गोळ्या घेऊन बघितल्या तर?"

शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो. उत्तर: नका घेऊ. जंतू सापडण्याआधी घेतलेल्या त्या पंधरा दिवसांच्या गोळ्याच पुढचं काम सगळ्यात जास्त बिघडवतात.

गुडघ्याच्या इन्फेक्शनचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून खांद्याकडे बघितलं की फसगत होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पू करणारा जंतू शिरला तर खांदाही लाल होतो, तापतो, पू येतो. तिथे शंकेला जागाच नसते. पण बदललेल्या खांद्यात सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, मुरुमांवरून नाव पडलेला जंतू. (2016 पर्यंत त्याचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम होतं. जुन्या रिपोर्टवर 'पी. ॲक्नेस' दिसलं तर तो हाच.) खांदा, पाठ आणि छातीच्या कातडीतल्या तेलग्रंथींत, केसांच्या मुळाशी त्याचा मुक्काम असतो, पुरुषांमध्ये जास्त. ऑपरेशनआधी कातडी कितीही घासली तरी औषध त्या ग्रंथींच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. चिरा मात्र ग्रंथींमधूनच जातो, आणि जंतू आत पडतो. वाढतो अगदी सावकाश. शरीर त्याच्यावर फारसं चवताळतही नाही, म्हणून सीआरपी आणि तशीच दुसरी रक्ततपासणी ईएसआर नॉर्मल राहू शकतात. दिसतं ते एवढंच: न थांबणारं दुखणं, आखडलेला हात, किंवा एक्स-रेत दांडी (कृत्रिम सांध्याचा दंडाच्या हाडात बसवलेला भाग) आणि हाडाच्या मधे उमटलेली काळी रेघ.

गोळ्या का पुरत नाहीत? पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो, तसाच थर हे जंतू धातूवर आणि प्लास्टिकवर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. आतले जंतू जवळजवळ झोपलेले असतात आणि वाढत्या जंतूंना मारणारं औषध झोपलेल्यांना फारसं काही करत नाही. पंधरा दिवसांत बाहेर सुटे फिरणारे मरतात, दुखणं थोडं कमी होतं, गोळ्या थांबल्या की पुन्हा सुरू. दरम्यान नमुना तपासला तर रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ'. चोर घरातच असतो, ठसे तेवढे पुसलेले.

म्हणून नमुना घेण्याआधी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवं. रुग्ण गंभीर असेल, रक्तात जंतू पसरलेत अशी शंका असेल, तर गोष्ट वेगळी; तिथे वाट बघायची नसते. आधी सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली सुईने सांध्यातलं पाणी काढून बघतात, पण खांद्यात पुष्कळदा सुई कोरडीच येते. खरा नमुना ऑपरेशनमध्ये मिळतो: सांध्याचं आवरण, वाटीच्या मागचा पडदा, दंडाच्या हाडाची पोकळी अशा वेगवेगळ्या जागांहून निदान पाच तुकडे, प्रत्येक वेगळ्या स्वच्छ हत्याराने, वेगळ्या डबीत. कापसाच्या बोळ्यावर भागवू नये. आणि फॉर्मवर ठळक लिहिलेलं असावं: ऑक्सिजनविरहित कल्चरही (नमुन्यातला जंतू वाढवून बघण्याची तपासणी) करा, 14 दिवस ठेवा. नेहमीच्या पद्धतीने चार-पाच दिवसांत प्लेट टाकून दिली तर हा जंतू उगवण्याआधीच कचऱ्यात जातो. तुम्ही नातेवाईक असाल तर हे एक वाक्य सर्जनना जरूर विचारा. कोणी रागावत नाही. पाचांपैकी एकाच तुकड्यात उशिरा काही उगवलं तर ती कातडीवरची भेसळही असू शकते. दोन किंवा जास्त तुकड्यांत तोच जंतू आला की प्रकरण गंभीरपणे घ्यायचं. आपल्याकडे क्षयाचीही तपासणी सोबत पाठवलेली बरी. 1893 मध्ये पॅरिसला सर्जन ज्यूल पेआँ यांनी बसवलेला पहिला कृत्रिम खांदा क्षयाने पोखरलेल्या सांध्यातच होता, आणि पुढे इन्फेक्शनमुळेच तो काढावा लागला.

मग ऑपरेशन कोणतं? पहिल्या चार ते सहा आठवड्यांत लक्षणं आली आणि दांडी घट्ट असेल तर सांधा उघडून सडका भाग कापायचा, भरपूर सलाईनने धुवायचा, कृत्रिम सांध्याची गोटी आणि प्लास्टिकचे सुटे भाग बदलायचे, दांडी ठेवायची. नुसतं धुऊन जुनं प्लास्टिक परत बसवणं म्हणजे अर्धं काम.

जुनं इन्फेक्शन असेल तर सगळं काढावं लागतं. एकाच बैठकीत नवा सांधा बसवायचा, की मधे सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवून काही आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन करायचं, यावर सर्जनांमध्ये अजून वाद आहे. जंतू माहीत असेल, औषधांना दबणारा असेल आणि मांस चांगलं असेल, तर माझा कल एका बैठकीकडे आहे. प्रत्येक वेळी खांदा उघडला की डेल्टॉइड (खांद्यावरचा, हात उचलणारा स्नायू) आणि त्याची नस धोक्यात येते, आणि डेल्टॉइड गेला की रिव्हर्स सांधा (गोटी आणि वाटीच्या जागा उलट केलेला कृत्रिम खांदा) चालवायला काही उरत नाही. घट्ट बसलेली दांडी काढायला कधी दंडाचं हाड उभं चिरून पुन्हा तारांनी बांधावं लागतं, तेही आधी सांगितलेलं असावं.

सिमेंटच्या त्या तात्पुरत्या गोळ्यासाठी 40 ग्रॅम सिमेंटमध्ये साधारण 2 ते 4 ग्रॅम व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकची पूड, सोबत जेंटामायसिन हे दुसरं. पूडच हवी, पातळ औषधाने सिमेंट नीट धरत नाही. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं, म्हणून उष्णता सोसणारीच औषधं चालतात. काही वयस्कर रुग्ण सिमेंटच्या या गोळ्यावरच समाधानी असतात: जेवणं, केस विंचरणं जमतं, दुखत नाही, आणि दुसरं ऑपरेशन नको म्हणतात. तो निर्णय चुकीचा नसतो.

औषधं आधी शिरेतून, मग तोंडाने, बहुधा सहा आठवडे ते तीन महिने. ॲक्नेसला पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं चांगली लागू पडतात. हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल याच्यावर चालत नाही. स्टॅफिलोकॉकस असेल तर रिफॅम्पिसिन (टीबीवरही देतात ते) जोडतात. चिठ्ठीवर ते बघून "मला टीबी झाला का?" असं घाबरू नका, बायोफिल्मवर ते चालतं म्हणून दिलेलं असतं. पण एकटं कधीच नाही, कारण जंतू त्याला झपाट्याने दाद देईनासे होतात; आणि जखम कोरडी झाल्यावरच. लघवी नारिंगी होईल. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांचा जोर उतरतो, म्हणून आधी सांगा. व्हँकोमायसिन चालू असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असताना दर आठवड्याला प्लेटलेट्स तपासायच्या.

दुसऱ्या ऑपरेशनआधी दोन-तीन दिवस खांद्याला आणि काखेला 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल लावायला सांगतात. मुरुमांवरचंच ते औषध. ग्रंथींत मुरतं आणि जंतूंची संख्या कमी करतं. रात्री जुना पांढरा बनियन घाला, रंगीत कपड्यांवर आणि उशीच्या अभ्ऱ्यावर पांढरे डाग पडतात ते धुऊन जात नाहीत.