बाळंतिणीची खोली आणि उघडी खिडकी

थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीत करायचं ठरलं आणि डॉक्टरांनी तारीख दिली ऑगस्टची. गावभागातल्या माणसाला ऑगस्ट म्हटलं की आधी पाणी आठवतं. २००५, २०१९, २०२१ अशा तिन्ही महापुरांत कृष्णा आमच्या घरात आली. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्यामुळं माजघरालगतची काळोखी खोली, जिथं माझी दोन्ही बाळंतपणं झाली, ती मी लगेच बाद केली. माडीवरची खोली घ्यायची, आणि लेकीला सारखा जिना चढायला लागू नये म्हणून जेवणखाण, कपडे, सगळं आम्हीच वर न्यायचं.

वरच्या भिंतींनाही ओल होती, पोपडे सुटले होते. लेक यायच्या आधी दोन महिने काम काढलं. दाराखिडक्यांचा ऑइलपेंट तीसेक वर्षांचा. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडं कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ बाळाच्या मेंदूला घातक असते. म्हणून रंगाऱ्याला कोरडा पॉलिशपेपर मारू दिला नाही. ओला करूनच घासायला लावलं, फरशी तीनदा ओल्या फडक्यानं पुसली. भिंतींना चुना दिला आणि रंगाचा वास जाईपर्यंत खोली उघडी ठेवली. वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला, कारण ओल्या भिंतीत करंट उतरलेला मी एकदा पाहिला आहे. खालच्या प्लगांना झाकणं नंतर लावता येतील, बाळ रांगायला अजून वेळ होता.

खरं अवघड गेलं ते पाळण्याचं. सासूबाईंचा लाकडी पाळणा होता. त्याच्या गजांमधून माझी मूठ आरपार जात होती. सुताराकडून मधे गज वाढवून घेतले, दोन गजांत सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहू दिली नाही, आढ्याची कडी आणि साखळ्या नव्या घातल्या. कापसाची मऊ गादी काढून काथ्याची घट्ट, बेताच्या मापाची केली. कडेला दोन बोटंही शिरत नाहीत अशी.

आणि राईची उशी. सातव्या महिन्यातच जुन्या नऊवारीच्या तुकड्यात राई भरून मी ती हातानं शिवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. आशाताई, म्हणजे आमच्या भागातल्या आशा आरोग्यसेविका, लेकीला बघायला आल्या तेव्हा कौतुकानं दाखवली. त्यांनी ती हातात घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, “काकू, बाळाला उशी नकोच. उताणं, सपाट गादीवर, तोंडाजवळ काही मऊ नको. झोळीतही झोपवू नका, हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते.” मला वाईट वाटलं. माझी दोन्ही पोरं तशाच उशीवर आणि झोळीत वाढली. पण ज्यांची वाढली नाहीत, त्यांना विचारायला कोण जातं? उशी कपाटात ठेवली. डोक्यासाठी आता एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं मान ठेवतो, आणि जागं असताना आमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथं घालतो.

शेगडीवरून मात्र घरात बोलणं झालं. पावसाळ्यात दुपटी, लंगोट वाळत नाहीत आणि बाळबाळंतिणीला शेक हवा, असं थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं. “खिडक्या लाव, ओव्याची धुरी दे, आपली पोरं नाहीत का झाली?” मी म्हटलं, “जाऊबाई, निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत झोपलेलं माणूस झोपेतच जातं.” त्या गप्प राहिल्या. शेगडी अंगणाच्या पडवीतच राहिली, वर नेली नाही. ओलसर दुपटी इस्त्रीनं वाळवली. उबेसाठी टोपडं, मोजे आणि आईच्या उघड्या छातीवर बाळ. डासांच्या अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी. खिडकी दिवसभर एक झडप उघडी.

नात जन्मली, तिसऱ्या दिवशी घरी आली. आशाताई ठरल्याप्रमाणं येत राहिल्या: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. बारशाला गळ्यात घालायला दृष्टमण्याचा दोरा आला. तो मी पाळण्यात नाही, देवापाशी ठेवला. काजळही लावलं नाही. यंदा पाणी ४० फुटांच्या आत राहिलं, तरी रात्री मी दोनतीनदा उठून आधी नदीचा अंदाज घ्यायची आणि मग पाळण्यात वाकून बघायची.

आता तिसऱ्या महिन्यात लेक साताऱ्याला सासरी जाईल. तिथं थंडी जास्त. परवा विहीणबाईंचा फोन आला, शेगडी घासूनपुसून ठेवलीय म्हणाल्या. मी त्यांना सगळं सावकाश सांगितलं, आशाताईंचं बोलणंही सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुमच्या त्या काथ्याच्या गादीचं माप पाठवा हो.”