झोरेस पाहायचा तर कार्मोपर्यंत जा

पॅरिसच्या मेट्रोत ‘झोरेस’ नावाचं स्थानक आहे. समाजवादी नेते झाँ झोरेस यांचा खून झाला ती जागा शोधताना तिथे उतरू नका. ते ईशान्येला, बरंच दूर आहे. आधी ते जर्मनीच्या नावाचं होतं. १९१४ मध्ये युद्ध पेटताच बदललं. युद्ध टाळायला धडपडणाऱ्या माणसाचं नाव युद्धज्वरातच लागावं, हा इतिहासाचा कुजकटपणाच म्हणायचा.

खरी जागा म्हणजे मोंमार्त्र रस्ता आणि क्रोआसाँ गल्लीचा कोपरा. मार्ग ३ वर ‘बूर्स’ला उतरलं की चालत पाचेक मिनिटं. ३१ जुलै १९१४ च्या रात्री झोरेस इथल्या कॅफेत उघड्या खिडकीकडे पाठ करून जेवत होते. त्यांनी १९०४ मध्ये काढलेल्या ‘ल्युमानिते’ दैनिकाची कचेरी चार पावलांवर. राउल व्हिलँ या कट्टर राष्ट्रवादी तरुणाने खिडकीतूनच गोळ्या झाडल्या. दुसऱ्याच दिवशी फ्रान्समध्ये युद्धासाठी सैन्य जमवण्याचा हुकूम निघाला. बाहेर भिंतीवर फलक आहे. मान वर केली नाही तर तो हमखास निसटतो. व्हिलँ १९१९ मध्ये निर्दोष सुटला, वर खटल्याचा खर्च झोरेस यांच्या पत्नीवर लादला गेला!

पाँतेआँ म्हणजे फ्रान्सच्या थोरांचं पॅरिसमधलं स्मारक. तिथल्या तळघरातली झोरेस यांची समाधी तिकीट काढून पाहता येते. २३ नोव्हेंबर १९२४ ला अस्थी इथे आणल्या, तेव्हा शववाहन दक्षिण फ्रान्समधल्या कार्मो या खाणगावच्या कामगारांनी ओढलं. ते का, हे मात्र पॅरिसमध्ये उमगत नाही.

त्यासाठी तुलूझहून आल्बीमार्गे कार्मोची गाडी पकडा. १८९२ मध्ये इथल्या एका कामगाराला गावाने महापौर निवडलं म्हणून खाण कंपनीने कामावरून काढलं. संप झाला, झोरेस त्यात उतरले आणि १८९३ मध्ये इथूनच संसदेत गेले. पुढे काच कारखान्याच्या मालकाने कामगारांना बाहेर ठेवलं, तेव्हा १८९६ मध्ये आल्बीत कामगारांच्याच मालकीचा कारखाना उभा राहिला. तिथे आजही बाटल्या बनतात. कार्मोच्या चौकात झोरेस यांचा पुतळा आहे. उघड्या खाणीच्या जागी आता सहलीचं उद्यान झालंय.

त्यांचं जन्मगाव कास्त्र आणि तिथलं झोरेस संग्रहालयही बघायचं असेल, तर एक अडचण ध्यानात ठेवा. नकाशात आल्बी आणि कास्त्र शेजारी दिसतात, पण रेल्वेचे फाटे सँ-सुल्पिसला वेगळे होतात. रेल्वेनेच जायचं तर तिथवर मागे येऊन गाडी बदलावी लागते. दोन्ही गावं एका दिवसात कोंबू नका.