आमची वाटचाल : कपाटापासून बूथपर्यंत

आवाज देण्याचं काम करणाऱ्या आमच्या स्टुडिओचं पहिलं रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटात झालं. दारं उघडी, स्टुलावर माइक, दोन्ही बाजूंना जाड पांघरुणं टांगलेली आणि मधे मी, घामाघूम. बाहेर माझा धाकटा भाऊ लॅपटॉपवर लक्ष ठेवून. दर पाच मिनिटांनी त्याचं एकच, "ताई, परत. पान उलटल्याचं ऐकू आलं."

पहिलं मोठं काम मिळालं ते एका पुस्तकाचं. अकरा प्रकरणं वाचून पाठवली आणि अकराच्या अकरा परत आली. मला वाटलं, आपला आवाजच पसंत पडला नाही. रात्रभर झोप नाही. मग भावाने हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून माझ्या दोन वाक्यांमधली शांतता ऐकली. त्या शांततेत फ्रिज घरघरत होता. रोजच्या सवयीने आपला कान तो आवाज गाळून टाकतो, माइक गाळत नाही. ऑडिओबुकसाठी एसीएक्सची, म्हणजे ऑडिबलच्या ऑडिओबुक बनवण्याच्या व्यासपीठाची, अट आहे : सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे ३ च्या वर नको आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अकरा प्रकरणं पुन्हा वाचली. तेव्हापासून रेकॉर्डिंगआधी फ्रिज बंद करायचा आणि घराच्या किल्ल्या त्यातच ठेवायच्या, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायचा राहत नाही.

पुढे भिंतींना फोम लावला आणि बाहेरचा गोंगाट तसाच आत येत राहिला. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. त्यासाठी भिंत जड लागते, फटी बुजवाव्या लागतात. दाराखालच्या बोटभर फटीला रबरी पट्टी लावल्यावर जो फरक पडला, तो त्या सगळ्या फोमने पडला नव्हता.

हळूहळू कामं वाढली, रेकॉर्डिंगसाठी वेगळी बंदिस्त खोली, म्हणजे बूथ झाला. भाऊही माइकसमोर आला तो अचानकच. ठरलेला कलाकार आजारी पडला, काम त्याच दिवशी द्यायचं होतं, म्हणून मशीनवरून उठून तो आत गेला. चित्रपटांच्या ट्रेलरचा आवाज म्हणून जगभर ओळखले गेलेले डॉन लाफाँटेनही मुळात रेकॉर्डिस्टच. १९६४ च्या सुमारास आवाज देणारा कलाकार मिळाला नाही म्हणून त्यांनी स्वतः वाचलं आणि तिथून त्यांची कारकीर्द सुरू झाली. मला यात नवल वाटत नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे टेक कापणाऱ्याला श्वास कुठे घ्यावा हे कानाने कळलेलं असतं.

आता नवी मंडळी आमच्याकडे येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं : "सगळे म्हणतात, माझा आवाज छान आहे." असेलही. पण एक तरुण आला होता, भारदस्त आवाजाचा. ओळ होती, "बाळाला ताप आलाय? घाबरू नका." त्याने ती सभेत घोषणा करावी तशी वाचली. मी कागद काढून घेतला. म्हटलं, "तुझ्या बहिणीचा फोन आलाय, ती रडतेय. तिला सांग." तो थांबला, माइकच्या जरा जवळ सरकला आणि हळू म्हणाला, "घाबरू नका." तोच टेक आम्ही पाठवला, तोच पास झाला.

डेमोची, म्हणजे काम मागताना पाठवायच्या आवाजाच्या नमुन्याची, घाई मात्र आम्ही कुणालाच करू देत नाही. तयारी नसताना केलेला डेमो ज्याला आवडला नाही, तो तुमचा पुढचा डेमो उघडत नाही. करायचा तेव्हा साठ ते नव्वद सेकंदांचा, सगळ्यात चांगला तुकडा पहिला, आणि नामवंतांची नक्कल अजिबात नको. तंत्रातलं बरंचसं सवयीने येतं : 'प', 'फ', 'भ' वर हवेचा झोत थेट बसू नये म्हणून तोंड माइकपासून किंचित तिरकं धरायचं, वाचण्याआधी पाणी प्यायचं. ऑडिशनच्या सूचना शेवटपर्यंत वाचण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते. फाइलचं नाव सांगितलं तसं दिलं नाही म्हणून चांगले आवाज न ऐकताच बाजूला पडलेले मी पाहिले आहेत.

आणि करार. सुरुवातीला आम्ही कागद न करता एक जाहिरात दिली. ती ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ वाजत राहिली आणि आम्हाला काही बोलता आलं नाही. आता आवाज कुठे, किती काळ वापरणार आणि त्यावरून कृत्रिम (एआय) आवाज घडवणार का, हे लेखी घेतल्याशिवाय माइक सुरू होत नाही. नवख्यांनीही हे विचारायला संकोचू नये.

ते कपाट अजून आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तिथेच बसवतो. माइक चालू, कानाला हेडफोन, दहा मिनिटं बोलायचं नाही, फक्त खोली ऐकायची. काल एक मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "ताई, घड्याळाची टिकटिक येतेय."

घड्याळ शेजारच्या खोलीत होतं.