मक्याची काणी: अखेर लव आली!

मक्यावर गाठी आणणाऱ्या काणी बुरशीची जोडी जुळल्याची खूण, म्हणजे कोळसा मिसळलेल्या वाढमाध्यमाच्या प्लेटवरची पांढरी लव, आली एकदाची. टेलियोस्पोर (गाठीतले काळे बीजाणू) मोरचुदाच्या द्रावणातून काढले, रुजवले, स्पोरिडिया (त्यातून निघणाऱ्या यीस्टसारख्या पेशी) वेगळे केले, इथवरचं आधी लिहिलंच आहे. गाडी रुतली ती पुढे, जोड्या लावताना. दोन आयसोलेटचे (एकेका स्पोरिडियापासून वेगळ्या वाढवलेल्या वसाहतींचे) थेंब एकत्र टाकायचे आणि बघावं तर तीच पिवळट, ओलसर, चमकणारी वसाहत.

ए लोकस (जोडी ठरवणाऱ्या जनुकांची एक जागा) दोघींत वेगळा असेल तरच पेशी फेरोमोन या रासायनिक संकेतावरून एकमेकींना ओळखतात. बी लोकसही वेगळा हवा, नाहीतर त्यावरच्या बीई-बीडब्ल्यू या प्रथिनांची जोडी बनत नाही आणि दुकेंद्री (पेशीत दोन केंद्रकं असलेला) तंतू वाढत नाही. दोन्ही लोकस वेगळ्या क्रोमोसोमवर, म्हणजे एकाच गाठीतली भावंडं जुळायची शक्यता चारात एक. इथे तर एकही जुळेना! मग संशय प्लेटवर गेला. झाकणाला पाणी धरून ते खाली ओघळत होतं. नव्या प्लेट आधी कोरड्या केल्या, थेंब पुरते सुकू दिले, मगच कडेला पॅराफिल्मची पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी एका ठिपक्याची कड पिठूळ दिसली. भिंगाखाली तंतू ताठ उभे. शेजारी एकट्या आयसोलेटचे ठिपके मात्र तुळतुळीत.

कोळसा बारीक पावडरचाच घ्या, अ‍ॅक्वेरियमचे दाणे तळाशी बसतात. आणि पेशी उचलायला तारेच्या लूपपेक्षा निर्जंतुक टूथपिक कधीही बरी.

आता ही जोडी टेस्टर (जुळणी तपासायचे ओळखीचे आयसोलेट) म्हणून वापरून बाकीची भावंडं तपासायची असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता सुचतंय, भावंडांतच कशाला शोधायचं? निसर्गात बीचे 25 हून जास्त प्रकार आहेत. दुसऱ्या रोपावरच्या गाठीतला आयसोलेट घेतला तर बी बहुधा वेगळाच निघणार. प्रश्न उरतो फक्त एचा, आणि त्याचे प्रकार दोनच. म्हणजे शक्यता चारात एकवरून थेट दोनात एक. टेस्टरचं काम मागे, आधी दुसरी गाठ.

जुळलेली जोडी मात्र थांबणार नाही. आठवड्याच्या रोपात सिरिंजने सोडणार, शेजारच्या रोपांत एकेक आयसोलेट सुटा. सुट्यांनी काही होऊ नये. जोडीवाल्या पानांवर आधी पिवळेपणा, मग जांभळट छटा, मग गाठी. गव्हाची मोकळी काणी करणाऱ्यांचा संयम माझ्यात नाही बुवा: ती फुलातून बियांत शिरते आणि पुढची ओंबी येईपर्यंत तोंड दाखवत नाही. मक्यात जिथे शिरकाव, तिथेच गाठ.