तिची फुली

सासूबाईंच्या बिस्किटांच्या डब्यात चार कागद निघाले. एक लग्नाचा दाखला, एक जन्माचा, दोन मृत्यूचे. सगळे इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या प्रेस्टनचे. माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा आणि खापरपणजी दोघंही तिथल्या गिरणीत यंत्रमागावर विणकर होते. मार्चमधल्या एका सकाळी ते कागद घेऊन आम्ही मँचेस्टरहून गाडीत बसलो.

दाखला घरात असताना प्रेस्टनला कशाला जायचं? कारण दाखला म्हणजे नक्कल. कारकुनाने सगळी नावं एकाच वळणात उतरवलेली असतात. मूळ सह्या असतात चर्चच्या नोंदवहीत, आणि तिची मायक्रोफिल्म बो लेनवरच्या लँकेशायर अर्काइव्ह्जमध्ये पाहता येते. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. आत पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल.

त्या दोघांच्या लग्नाचं, १८५९चं पान पडद्यावर आलं. त्याची सही अडखळत केलेली, प्रत्येक अक्षर सुटं. तिच्या नावाच्या मध्ये एक फुली, एक रेघ लांब, दुसरी आखूड, शेवटी शाई दाबून बसलेली. माझ्या आजीचा अंगठा मी जमिनीच्या कागदांवर पाहिला आहे. ती फुली पाहताना तोच आठवला. शेजारी तिचा धंदाही लिहिलेला आहे: विणकर. त्या काळच्या कितीतरी दाखल्यांत नवरीच्या धंद्याचा रकाना कोराच असतो, म्हणून मला त्या एका शब्दाचा फार आनंद झाला.

पुढची नोंद ७ एप्रिल १८६१च्या रात्रीच्या जनगणनेची. लहानसं घर, दोघांची नावं, तान्ही मुलगी आणि दोन भाडेकरू. पाचच दिवसांनी, १२ एप्रिलला, अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली. लँकेशायरचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. उत्तरेच्या नौदलाने बंदरं अडवली, कापूस आटला आणि गिरण्या बंद पडत गेल्या.

मग कापूस आला तो मुंबई बंदरातून. माझं माहेर खामगावजवळचं, वऱ्हाडातलं. आमच्याकडे त्या वर्षांची गोष्ट कापसाला सोन्याचा भाव आल्याची आहे. प्रेस्टनच्या बाजूने ती मी कधी ऐकलीच नव्हती. पश्चिम भारतातल्या कापसाला तिथे सरसकट ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याचा, पाल्याकचऱ्याचा. मागावर ताणा सारखा तुटायचा, धोटा थांबवून गाठ मारत बसावं लागायचं, आणि मजुरी तर विणलेल्या कापडावर. तेव्हाच्या एका प्रार्थनेची गोष्ट सांगतात: देवा, कापूस पाठव, पण सुरती नको. आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांनी या बाईच्या हातात गाठी दिल्या असतील, या विचाराने मी बराच वेळ त्या पडद्यासमोर बसून राहिले.

डब्यातला पहिला मृत्यूचा दाखला नोव्हेंबर १८६३चा. मुलगा, वय सात महिने, कारण जुलाब. माहिती देणारी आई, ‘मृत्यूसमयी हजर’, आणि पुन्हा फुली. बापाचा धंदा आता विणकर नाही, मजूर.

बेकारांना कामं देण्यासाठी नगरपालिकांना कर्ज मिळावं, असा कायदा त्याच वर्षी झाला होता. प्रेस्टनमध्ये त्या बेकार हातांनी बागा केल्या. दुपारी आम्ही स्टेशनजवळच्या मिलर पार्क आणि ॲव्हनहॅम पार्कमध्ये गेलो. रिबल नदीकडे उतरणारी हिरवळ, दगडी पायऱ्या, कारंजं. आखणी एडवर्ड मिल्नरची, पण खणणारे आणि दगड वाहणारे हात सुताला सरावलेले होते. नवरा एका पायरीवर तळवा टेकवून उभा राहिला. मी फोटो काढला नाही.

बाजारात पार्च्ड पीज खाल्ले. उकडलेले काळे वाटाणे, वर व्हिनेगर. फोडणीशिवायची उसळच. थंडीत फार बरं वाटलं.

१८७१च्या जनगणनेत दोघंही परत मागावर आहेत. थोरली मुलगी दहा वर्षांची, ‘हाफ टायमर’: अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. तेव्हाचा कायदा आठव्या वर्षापासून एवढी मुभा देत होता.

परतीच्या गाडीत शेवटचा दाखला पुन्हा उघडला. खापरपणजीच्या मृत्यूचा, १८९६चा. माहिती देणारा धाकटा मुलगा, म्हणजे नवऱ्याचे पणजोबा. या वेळी फुली नाही, पूर्ण नाव. आणि तिच्या धंद्याच्या रकान्यात लिहिलं आहे: ‘सुती कापडाच्या विणकराची विधवा’.

नवऱ्याने अर्काइव्ह्जमधली पेन्सिल काढली. वंशावळीच्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिलं: विणकर.