निराधारचा पगार आणि पाण्याची उधारी

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातल्या एका गावात मी बँकमित्राचे, म्हणजे यंत्रावर अंगठा घेऊन लोकांना गावातच खात्यातले पैसे काढून देण्याचे, काम करतो. 2024 च्या उन्हाळ्यात, विहिरी कोरड्या पडलेल्या असताना, संजय गांधी निराधार योजनेचा थकलेला पगार (गावात सरकारी मदतीला पगारच म्हणतात; तेव्हा महिन्याला 1,500 रुपये) एकदम जमा झाला आणि माझ्या केंद्रासमोर सकाळीच रांग लागली. रांगेतील एका निवृत्त गुरुजींचे म्हणणे असे की, हा पैसा फक्त किराणा आणि औषध यांवरच खर्चता यावा. एरवी तो दारूत जातो. ते अगदीच खोटे नव्हते. म्हातारी पगार काढून दाराबाहेर पडताच तिच्या हातातील नोटा काढून घेणारे मुलगे मी पाहिले आहेत.

तेवढ्यात एका विधवा मावशींचा नंबर आला. खुरपणीने झिजलेला त्यांचा अंगठा यंत्रावर बऱ्याच वेळाने लागला. बाकावर बसून त्यांनी नोटांचे वाटे केले : मोठा वाटा टँकरवाल्याच्या उधारीचा, एक रिचार्जचा, एक लेकीच्या गावच्या अर्ध्या तिकिटाचा, उरलेले मीठमिरचीला.

“रिचार्ज कशाला?” गुरुजींनी विचारले.

“सिम बंद पडलं तर ओटीपी कुठं येईल, गुरुजी? अन् पानी इकत घेतल्याबिगर प्यावं काय?”

त्यांना रेशनचे धान्य मिळत होते, त्यामुळे किराण्याची गरज थोडी होती. घरात नव्हते ते पाणी. मुंबईत बसून केलेल्या कोणत्या यादीत खासगी टँकरची उधारी आली असती? शिवाय आईचे पैसे हिसकावणारा मुलगा तिचा किराणाही विकेल. रेशनचा तांदूळ पडत्या भावात घेणारे व्यापारी गावोगाव फिरतातच.

रांगेतला एक शेतकरी मात्र वेगळे बोलला. 2023 पासून मराठवाड्यातील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना रेशनच्या धान्याऐवजी महिन्याला माणशी 150 रुपये रोख मिळू लागले होते, आणि त्याला धान्यच परत हवे होते. त्याची मागणी मला रास्त वाटते, कारण काय हवे ते तो स्वतः सांगत होता.

माझ्या हातात असलेली अट मी घातली आहे : ज्याचा अंगठा, त्याच्याच हातात पैसे, नातेवाइकांनी बाहेर थांबायचे, आणि शिल्लक मोठ्याने सांगायची नाही. पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा करणे मात्र सरकारच्याच हातात आहे. तो थकला म्हणून मावशींना पाणी उधार घ्यावे लागले आणि टँकरवाल्याने त्या उधारीवर व्याज लावले.